सेकंड हँड स्पोर्ट्स बाईक घेताय? सायलेन्सरचा आवाज नंतर ऐका, आधी हे तपासा

उल्हासनगरचा एक जुना विनोद आहे. वस्तूवर 'मेड इन यूएसए' लिहिलेलं दिसलं की लगेच खूश व्हायचं नाही. यूएसए म्हणजे अमेरिका नाही, तर 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'.

विनोद बाजूला ठेवला तर या शहराची गोष्ट मोठी आहे. फाळणीनंतर सिंधमधून सगळं सोडून आलेल्या लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत ठेवलं गेलं. 1949 साली या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं आणि त्याच बराकींमधून पुढे कपडे, फर्निचर, जीन्स, इलेक्ट्रिक सामान असा बाजार उभा राहिला. छावण्यांचे नंबर मात्र आजही तसेच आहेत, कॅम्प 1 ते कॅम्प 5.

पण त्या विनोदातला धडा आज आपल्या कामाचा आहे. लेबल काय म्हणतंय ते सोडा, आत काय आहे ते बघा.

कारण विषय आहे सेकंड हँड स्पोर्ट्स बाईकचा.

समजा, तुम्ही कॅम्प 1 मध्ये राहता. दोन वर्षं नोकरी करून लाखभर रुपये साठवलेत, वर आईने भिशीतले वीस हजार दिलेत. रविवारी सकाळी मित्राचा मेसेज येतो. 'भावा, आरसी 390 आलीय. सिंगल ओनर, कमी रनिंग, अर्जंट विकायचीय. दुसरा पार्टी संध्याकाळी येतोय.' सोबत चार फोटो, चकाचक. तुम्ही शहाडला जाता, मालक गाडी चालू करतो, सायलेन्सर गरजतो आणि तुमचा व्यवहार तिथेच अर्धा झालेला असतो.

इथेच गडबड होते. आपण आवाज, मग लुक, मग मीटर आणि सगळ्यात शेवटी कागद बघतो. खरा क्रम याच्या उलटा हवा. आधी कागद, मग फ्रेम, मग इंजिन आणि शेवटी आवाज. बिघडलेलं इंजिन पैसे टाकून दुरुस्त होतं. वाकलेली फ्रेम सहसा नीट होत नाही. आणि कागद खोटे असतील तर गाडीही जाते, पैसेही जातात आणि पोलीस स्टेशनच्या चकरा सुरू होतात.

तर या क्रमानेच एकेक गोष्ट समजून घेऊ.

स्पोर्ट्स बाईक आणि साधी बाईक यात फरक काय?

साधी शंभर सीसीची गाडी ऑफिस, बाजार, गाव एवढंच बघते. तिच्यावर कोणी स्टंट करत नाही. स्पोर्ट्स बाईकचं तसं नसतं.

2003 ला करिझ्मा आली, 2004 ला 'धूम' आला आणि पोरांना वेगाचं वेड लागलं. 2008 मध्ये यामाहाची आर15 आली आणि फेअरिंगवाली गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पुढे निंजा 300, केटीएमच्या आरसी 200 आणि आरसी 390, पल्सर आरएस 200, अपाची आरआर 310 अशी रांगच लागली. यातल्या केटीएमच्या गाड्या तर आपल्याच चाकणमध्ये, बजाजच्या कारखान्यात बनतात.

पण या गाड्यांचं आयुष्य कसं जातं ते आठवा. रविवारी पहाटे शहाडच्या पुलावरून म्हारळ, वरप, कांबा, मुरबाड करत माळशेज घाट. कधी बदलापूरवरून कर्जत. उरलेले सहा दिवस त्याच गाडीने ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर तापत राहायचं. म्हणजे गाडी एकतर जोरात पळालेली असते, नाहीतर जोरात तापलेली असते.

दुसरं म्हणजे फेअरिंग. साध्या बाईकचं सगळं पोट उघडं दिसतं. स्पोर्ट्स बाईकचं पोट प्लास्टिकच्या आड असतं. पडलेली गाडी असो वा पुरात बुडालेली, वरून नवीन फेअरिंग आणि स्टिकर लावले की फोटोत ती नवरीसारखी दिसते.

1. घरातून निघण्याआधी नंबर टाका

गाडी बघायला जाण्याआधी मालकाकडून गाडीचा नंबर घ्या. जो नंबर द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे जायचे पेट्रोलचे पैसे वाचवा.

केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये हा नंबर टाकला की बरीच माहिती मिळते. मालकाचं पूर्ण नाव दिसत नाही, काही अक्षरं झाकलेली असतात, पण जुळवायला तेवढं पुरतं. त्यात या गोष्टी बघा.

मालक क्रमांक : 'सिंगल ओनर' म्हणणाऱ्याची गाडी तिथे तिसऱ्या मालकाच्या नावावर दिसली, तर पुढचं सगळं बोलणंही त्याच मापाने मोजा.

नोंदणीची तारीख : '2020 मॉडेल' म्हणतात, पण गाडी बनली कधी आणि पासिंग झाली कधी हे वेगळं असू शकतं. आरसीवर दोन्ही बघा.

कर्ज : फायनान्स कंपनीचं नाव दिसत असेल तर कर्जाचा बोजा अजून कागदावर आहे. 'हप्ते संपलेत हो' या वाक्याला किंमत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात हवा. हा बोजा उतरल्याशिवाय किंवा फायनान्सरच्या लेखी संमतीशिवाय गाडी तुमच्या नावावर होणार नाही. आणि हप्ते थकले असतील तर फायनान्सवाले गाडी उचलायला तुमच्या दारात येतील.

विमा आणि पीयूसी : दोन्ही कधीपर्यंत आहेत ते बघा.

ब्लॅकलिस्ट : इथे काही नोंद असेल तर कारण समजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

यासोबत महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या संकेतस्थळावर थकलेला दंड बघा. स्पोर्ट्स बाईकवर अतिवेग, विना हेल्मेट, फॅन्सी नंबर प्लेट अशी चलनं साचलेली असतात. चलन गाडीच्या नंबरवर असतं. आधी मालकाला ते भरायला लावा, मग सौदा करा. शिवाय चलनांची यादी वाचली की गाडी कशी चालवली गेली तेही फुकटात कळतं. एकाच गाडीवर अतिवेगाची सात चलनं असतील तर 'मी हळूच चालवतो' हे वाक्य तिथेच संपलं.

चोरीची शंका असेल तर एनसीआरबी म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 'वाहन समन्वय' नावाची सोय आहे. तिथे चोरीच्या नोंदींशी गाडी जुळते का ते तपासता येतं. हे गंभीरपणे घ्या. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला पुरेसं कारण असताना तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. दोन लाखांची गाडी कोणी विनाकागद साठ हजारांत देत असेल, तर 'मला काय माहीत' हे उत्तर चालेलच असं नाही.

2. विम्याच्या कागदात लपलेली गोष्ट

विम्याची पॉलिसी मागून घ्या आणि त्यात 'नो क्लेम बोनस' शोधा.

गाडीच्या नुकसानीचा विमा असेल आणि वर्षभरात क्लेम घेतला नाही, तर पुढच्या वर्षी हप्त्यात सूट मिळते. ही सूट 20 टक्क्यांपासून सुरू होते आणि ओळीने पाच वर्षं क्लेम नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत जाते. क्लेम घेतला की ती शून्यावर येते.

आता समजा गाडी चार वर्षांची आहे, दरवर्षी फुल इन्शुरन्स भरलाय आणि तरीही बोनस शून्य दिसतोय. म्हणजे गेल्या वर्षात बहुतेक क्लेम झालाय. गाडी पडली होती का, बुडाली होती का, हे आता तुम्ही थेट विचारू शकता. हा बोनस मालकाचा असतो, गाडीसोबत तुम्हाला मिळत नाही. पण त्यातून माहिती मात्र मिळते.

आणखी एक. 1 सप्टेंबर 2018 नंतर विकलेल्या नव्या दुचाकींना थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. त्यामुळे 'इन्शुरन्स चालू आहे' याचा अर्थ अनेकदा फक्त थर्ड पार्टी चालू आहे एवढाच असतो. तुमची गाडी चोरीला गेली किंवा फुटली तर त्यातून एक रुपयाही मिळणार नाही.

3. नंबर जुळवा, तेही स्वतःच्या डोळ्यांनी

गाडीजवळ पोचलात की पहिलं काम चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवायचं. चेसिस नंबर बहुतेक बाईकवर हँडलच्या खाली, फ्रेमच्या गळ्याजवळ ठोकलेला असतो. इंजिन नंबर इंजिनच्या खालच्या भागात असतो. मोबाईलची बॅटरी लावा, चिखल पुसा, एकेक अक्षर वाचा.

अक्षरं वरखाली आहेत का? आजूबाजूला घासल्याच्या खुणा आहेत का? सगळी फ्रेम जुनी आणि तेवढ्याच जागेवर ताजा रंग आहे का? असं काही दिसलं तर वाद घालू नका. 'घरी विचारून सांगतो' म्हणा आणि निघा.

इंजिन नंबर वेगळा असेल तर मालक म्हणेल, 'इंजिन बदललंय.' बदललं असेलही. पण मग त्याची आरटीओत नोंद हवी. नोंद नसेल तर ते इंजिन कुठल्या गाडीचं आहे हे शोधायची जबाबदारी तुम्ही अंगावर का घ्यायची?

4. गाडी पडलीय का? हो, पण किती?

स्पोर्ट्स बाईक एकदाही पडलेली नाही असं सहसा होत नाही. प्रश्न एवढाच, की पार्किंगमध्ये आडवी झाली की घाटात फेकली गेली?

आडवी पडलेली गाडी कडेच्या गोष्टींवर खुणा सोडते. हँडलची टोकं, क्लच आणि ब्रेक लिव्हरची टोकं, फूटपेग, सायलेन्सरची बाजू, इंजिनचं कव्हर. एवढंच घासलं असेल तर त्याचे पैसे कमी करून गाडी घेता येते.

समोरून ठोकलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. ती अशी ओळखा.

हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. ते जिथे अडतं तिथे फ्रेमवर छोटे स्टॉपर असतात. जोरात आदळलेल्या गाडीचे हे स्टॉपर चेपलेले किंवा तुटलेले सापडतात. फेअरिंग बदलताना याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

गाडीसमोर उकिडवे बसा आणि पुढचे दोन्ही शॉकअप एका रेषेत आहेत का बघा. ब्रेक दाबून पुढून दोन-तीनदा दाबा. शॉकअप अडकत वर आला किंवा नळीवर तेलाची रेघ उमटली तर सील गेलंय, नाहीतर नळी वाकलीय.

फ्रेमच्या वेल्डिंगच्या सांध्यांवर रंग तडकलाय का बघा. केटीएमची नळ्यांची जाळीदार फ्रेम बाहेरून बरीचशी दिसते, ते सोपं जातं. आर15 सारख्या गाडीत सीट काढून आत बॅटरी मारावी लागते. कंपनीचं वेल्डिंग एकसारखं असतं. मध्येच एखादा जाडाभरडा सांधा दिसला तर तो गॅरेजमध्ये मारलेला आहे.

मागच्या चिमट्यावर चेन ॲडजस्ट करायच्या खुणा असतात. दोन्ही बाजूंना त्या सारख्याच असताना मागचं चाक तिरकं दिसत असेल, तर काहीतरी वाकलंय.

आणि एक साधी ट्रिक. मित्राला गाडी थोड्या पाण्यातून सरळ, हळू चालवायला सांगा. कोरड्या रस्त्यावर ओल्या टायरची रेघ उमटते. सरळ चालणाऱ्या गाडीची मागची रेघ पुढच्या रेघेवरच पडते. सरळ हँडल धरूनही दोन वेगवेगळ्या रेघा दिसल्या तर शंका घ्या.

5. आपल्या भागाचा खास प्रश्न : गाडी पुरात होती का?

दिल्ली किंवा बंगळुरूतल्या माणसाने हा मुद्दा सोडला तर चालेल. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरवाल्यांनी सोडू नये.

एका बाजूला उल्हास नदी, दुसऱ्या बाजूला अंबरनाथकडून उल्हासनगरमधून कल्याणकडे जाणारी वालधुनी. 26 जुलै 2005 आपण विसरलेलो नाही. 27 जुलै 2019 ला तर बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. रेल्वेची ही अवस्था होते, तेव्हा बिल्डिंगखाली लावलेल्या बाईकचं काय होत असेल?

बुडालेल्या गाडीचं दुखणं लगेच दिसत नाही. आजच्या स्पोर्ट्स बाईकमध्ये ईसीयू, सेन्सर, फ्युएल पंप, एबीएस असा इलेक्ट्रिकचा संसार असतो. पाणी सुकतं, गाडी सुरू होते, विकली जाते आणि काही महिन्यांनी कनेक्टर आतून गंजून एकेक गोष्ट बंद पडायला लागते.

म्हणून सीट काढा. बॅटरीच्या खोबणीत आणि वायरिंगच्या वळणांत सुकलेला बारीक गाळ आहे का बघा. एखाद-दुसरा कनेक्टर मेकॅनिककडून उघडून घ्या. आतल्या पितळेवर हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर पाणी आत गेलेलं आहे. हेडलाईट आणि मीटरच्या काचेत आतून ओल किंवा पाण्याची रेघ दिसते का? टाकीखालच्या स्क्रूंची डोकी गंजलीत का? बाहेरून चमकणाऱ्या गाडीचे लपलेले स्क्रू गंजलेले असतील तर कारण विचारा.

एअर फिल्टरचा डबाही उघडून बघा. डब्याच्या तळाशी गाळाचा थर असेल तर पाणी तिथपर्यंत चढलं होतं, म्हणजे इंजिनात जायला फार अंतर उरलं नव्हतं.

6. इंजिन : थंड असतानाच बघा

मालकाला आधीच सांगून ठेवा, 'मी आल्यावरच गाडी चालू करा.' पोचल्यावर गप्पा मारत हाताची मागची बाजू इंजिनजवळ न्या. इंजिन गरम असेल तर गाडी आधीच चालू करून ठेवलीय. अशा वेळी चहा घ्या, तासभर थांबा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन खोटं बोलत नाही, गरम इंजिन बऱ्याच गोष्टी लपवतं.

आता सेल मारा. एक-दोन प्रयत्नांत गाडी चालू व्हायला हवी. मग धूर बघा. पहिल्या मिनिटात थोडी पांढरी वाफ आली तर काळजी नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट इंजिनात जात असू शकतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय.

ऑइलचं झाकण उघडा. आत दुधाळ, लोण्यासारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय. कूलंटची बाटली बघा, पण रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं. गाडी दहा मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेवा. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू झाला पाहिजे. उल्हासनगरच्या ट्रॅफिकमध्ये पंखा बंद असलेली आरसी 390 म्हणजे मांडीवर ठेवलेला तवा.

गाडी गरम झाल्यावरही वरच्या बाजूने कडकड आवाज येत असेल तर टॅपेट किंवा टायमिंग चेनचं काम असू शकतं.

इथे मॉडेलची माहिती कामाला येते. आर15 चं उदाहरण घ्या. तिचा सिलिंडर खास ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा असतो. जुन्या गाड्यांसारखा तो बोअर करून मोठा पिस्टन बसवता येत नाही, खराब झाला तर सिलिंडरच बदलावा लागतो. त्यामुळे 'थोडं बोअरचं काम आहे, पाच हजारांत होईल' असं कोणी आर15 बद्दल म्हटलं तर समजा, एकतर त्याला माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नाही असं त्याला वाटतंय.

7. मीटर खोटं बोलतं, टायर बोलत नाही

डिजिटल मीटरचं रनिंग कमी करता येतं किंवा मीटरच बदलता येतं. म्हणून मीटर हा पुरावा नाही, तो फक्त मालकाचा दावा आहे.

पुरावा इतर ठिकाणी असतो. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो. '2319' म्हणजे 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी 2019 ची, मीटरवर फक्त आठ हजार किलोमीटर, पण टायर 2023 चे? मग पहिले टायर कुठे गेले? आठ हजारांत सहसा दोन्ही टायर संपत नाहीत.

फूटपेगचं रबर, हँडलचं ग्रिप, गिअर लिव्हर, सीटचं कव्हर यांची झीज मीटरशी जुळते का बघा. मागच्या स्प्रॉकेटचे दात टोकदार होऊन एका बाजूला झुकले असतील तर गाडी बरीच पळालीय. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, मेकॅनिककडून ती मोजून घ्या. आणि सर्व्हिसचा इतिहास मागा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला प्रत्येक वेळचं रनिंग नोंदलेलं असतं. मालकाने सोबत येऊन ते दाखवलं तर निम्मी शंका मिटते.

टायर पाच-सहा वर्षं जुने असतील तर नक्षी शाबूत दिसली तरी ते बदलायचे पैसे बाजूला ठेवा. कडक झालेला रबर पावसात धोका देतो, आणि या गाड्यांचे रुंद टायर स्वस्त येत नाहीत.

8. मॉडिफिकेशन : त्याची हौस, तुमचा दंड

'यावर पंचवीस हजारांचं काम केलंय' हे वाक्य मालक अभिमानाने सांगतो. तुम्ही ते सावधपणे ऐका.

कंपनीने दिलेल्या रचनेत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मनाई करतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोड रोलर फिरवलेत, ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच.

म्हणून सौद्यात मूळ सायलेन्सर, मूळ आरसे, मूळ इंडिकेटर आणि मागचा मडगार्ड मागा. सायलेन्सर बाहेरचा असेल आणि ईसीयूही छेडलेला असेल तर इंजिनवर काय काय प्रयोग झाले हे कोणी सांगू शकत नाही. नंबर प्लेट एचएसआरपी आहे का तेही बघा. जुन्या गाड्यांनाही ती आता सक्तीची आहे.

एबीएस वेगळं तपासा. 125 सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना 1 एप्रिल 2018 पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना 1 एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाडीत ते असेलच असं नाही. असेल तर चावी फिरवल्यावर मीटरवर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी चालल्यावर विझला पाहिजे. दिवा विझतच नसेल तर बिघाड आहे. लागतच नसेल तर बिघाड लपवलेला असू शकतो, आणि ते जास्त वाईट.

9. चालवून बघताना

स्वतःचं हेल्मेट घेऊन जा. लायसन्स खिशात हवं, गाडीचा विमा चालू हवा. त्या दहा मिनिटांत काही घडलं तर गाडी तुमच्या नावावर नाही हे कारण पुरत नाही.

मोकळ्या, ओळखीच्या रस्त्यावर चालवा. गिअर सुटतो का, क्लच धरतो का, गाडी एका बाजूला ओढते का बघा. वेग कमी असताना हँडल मध्यभागी अडकल्यासारखं झालं तर कोनसेट गेलाय. ब्रेक दाबल्यावर लिव्हर हाताला धडधड मारत असेल तर डिस्क वाकलीय. किती पळते हे बघायचा मोह टाळा. अनोळखी गाडीचे टायर, ब्रेक आणि फ्रेम यांच्यावर विश्वास ठेवायला तुम्हाला अजून कारण मिळालेलं नाही.

आणि ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. त्याला अर्ध्या दिवसाची मजुरी द्या. या सगळ्या सौद्यातला सर्वात स्वस्त विमा तोच आहे.

10. पैसे दिले म्हणजे गाडी तुमची झाली नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे अजूनही टीटीओ फॉर्मवर कोऱ्या सह्या घेतात, चावी देतात आणि 'नावावर करू आरामात' म्हणतात. ते आराम वर्षानुवर्षं चालतात.

सुप्रीम कोर्टात 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्याचा निकाल लागला. एका माणसाने 2007 मध्ये कार विकली. ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे अशी हातोहात गेली, पण आरटीओत नाव पहिल्याचंच राहिलं. 2009 मध्ये त्या कारने अपघात झाला आणि एकाचा जीव गेला. गाडी विकून दोन वर्षं झाली होती, तरी कोर्टाने सांगितलं, नोंदणी ज्याच्या नावावर तो कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच.

म्हणजे नाव बदलण्याची घाई विकणाऱ्यालाही हवी. तुमच्या बाजूने बघितलं तर गाडी दुसऱ्याच्या नावावर असताना ती चोरीला गेली, तर विम्याचा क्लेम मागायला तुम्ही कोण? आणि उद्या मूळ मालकाने गाडी चोरीला गेल्याची तक्रार केली तर?

रीत सोपी आहे. विकणाऱ्याने फॉर्म 29 देऊन गाडी विकल्याचं कळवायचं, राज्यातल्या राज्यात त्याला 14 दिवस असतात. घेणाऱ्याने फॉर्म 30 भरून 30 दिवसांत नाव लावण्यासाठी अर्ज करायचा. कॅम्प 1 वाल्यांचं आरटीओ कल्याण, म्हणजे एमएच-05. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28 लागतो आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. 'दिल्ली पासिंग, एकदम स्वस्त' मध्ये हा खर्च कधीच सांगितलेला नसतो. मूळ मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर, म्हणजे फॉर्म 31, आणि मग तुमच्या नावावर.

डीलरकडून घेत असाल तर 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते दाखवायला सांगा.

विम्यावरचं नावही 14 दिवसांत बदलून घ्यायला अर्ज करा. आणि पैसे बँकेतून द्या, तेही आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात. साध्या कागदावर तारीख, वेळ, चेसिस नंबर आणि दोघांच्या सह्या असलेली पावती करा. थोडी रक्कम नाव बदलेपर्यंत राखून ठेवायचं आधीच ठरवा. जो खरा आहे त्याला यात अडचण नसते.

गाडी न बघता टोकन मात्र एक रुपयाही देऊ नका. 'मी फौजी आहे, बदली झालीय, गाडी ट्रान्सपोर्टने पाठवतो, आधी क्यूआर स्कॅन करा' हा ऑनलाइन जाहिरातींमधला जुना डाव आहे. क्यूआर स्कॅन करून पिन टाकली की पैसे जातात, येत नाहीत.

शेवटी हिशोब

गाडीची किंमत म्हणजे मालक सांगतो ती नाही. त्यात टायर, चेनसेट, ब्रेक पॅड, पहिली पूर्ण सर्व्हिस, विमा आणि नाव बदलण्याचा खर्च मिळवा. हातात सव्वा लाख असतील तर लाखाच्या आतली गाडी बघा. उरलेले पैसे गाडी स्वतःच मागून घेते. आणि त्यातले काही चांगल्या हेल्मेटसाठी ठेवा.

'दुसरा पार्टी संध्याकाळी येतोय' असं सांगितलं तर येऊ द्या. त्याला घेऊ द्या. जुन्या स्पोर्ट्स बाईक या भागात दर आठवड्याला विकायला येतात. आईने भिशीतून काढलेले वीस हजार मात्र दर आठवड्याला येत नाहीत.

कागद जुळले, फ्रेम सरळ निघाली, थंड इंजिन शांतपणे सुरू झालं आणि मालक तुमच्यासोबत आरटीओच्या कामाला तयार झाला, तर मग खुशाल सायलेन्सरचा आवाज ऐका.